पित्ताशय, हुक आणि हार्मोनिक

1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढून भारतात या शस्त्रक्रियेचा पाया घातला. आज ती आपल्या सीमाभागातील छोट्या रुग्णालयांतही नित्याची झाली आहे. तिच्यामागोमाग एक प्रश्नही आला : पित्ताशय यकृतापासून सोडविताना मोनोपोलर हुक वापरावा, की अल्ट्रासॉनिक हार्मोनिक स्कालपेल?

हुक स्वस्त आहे, पुनःपुन्हा निर्जंतुक करता येतो. मात्र त्यातील वीज रुग्णाच्या देहातून प्लेटपर्यंत प्रवास करते. आवरणास बारीक चीर असली, तर दृष्टीआड असलेले आतडे भाजू शकते आणि ती इजा काही दिवसांनी उघडकीस येते. हार्मोनिकचे पाते सेकंदास सुमारे 55,500 वेळा कंप पावते. देहातून वीज जात नाही, धूर कमी होतो, 5 मिलिमीटरपर्यंतची रक्तवाहिनी बंद करता येते. परंतु काम थांबल्यावरही पाते काही सेकंद तप्त राहते. त्याच पात्याने लगेच पित्तनलिकेस स्पर्श करणे धोक्याचे.

माझ्या मते साध्या, न सुजलेल्या पित्ताशयास हुक पुरेसा आहे. तेथे हार्मोनिकने वाचतात ती थोडी मिनिटे, आणि त्यांचे मोल खानापूर-चंदगडहून आलेल्या शेतकऱ्याने मोजावे, हे न्याय्य नाही. पेसमेकर असलेला रुग्ण, सिऱ्हॉसिस, तीव्र दाह अशा प्रसंगी मात्र हार्मोनिकचा आधार घ्यावा. एकदाच वापरण्यासाठी बनविलेले त्याचे हत्यार झिजेपर्यंत पुनःपुन्हा वापरून प्रत्येकाच्या बिलात पूर्ण किंमत लावणे, हे तर कोणत्याच शास्त्रात बसत नाही.

खरे भय पित्तनलिकेच्या इजेचे आहे आणि ते कोणतेही यंत्र टाळू शकत नाही. स्ट्रासबर्ग यांनी 1995 साली सांगितलेली कसोटी आजही प्रमाण आहे : त्रिकोणातील चरबी व तंतू दूर करावेत, पित्ताशयाचा खालचा तृतीयांश यकृतापासून सुटा करावा आणि पित्ताशयाकडे दोनच रचना जाताना दिसाव्यात. तोवर काहीही कापू नये. दिसत नसेल, तर अंशतः पित्ताशय काढून थांबावे किंवा पोट उघडावे. त्यात कमीपणा नाही.

म्हणून सहव्यावसायिकांस एवढीच विनंती : प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी हुकचे आवरण तपासावे, आणि हार्मोनिक मागविण्यापूर्वी त्याचे कारण रुग्णाच्या कागदावर एका ओळीत लिहावे. ती ओळ सुचली नाही, तर हुक पुरेसा आहे असे समजावे.