गाळ्यात टेबलं किती बसतील? टोकन देण्याआधी 'क्ष' काढा

खांदा कॉलनीत नाश्ता सेंटर टाकायचंय. गाळा बघून झालाय. एजंट म्हणतो, "२५२ स्क्वेअर फूट आहे, ४० टक्के लोडिंग, उद्याच टोकन द्या." जरा थांबा. माझं स्पष्ट मत आहे, इंटिरिअरवाल्याच्या आधी शाळेतलं बीजगणित कामाला लावा.

लोडिंगच घ्या. बरेच जण २५२ मधून ४० टक्के वजा करून १५१ काढतात. चूक! लोडिंग कार्पेटवर चढवलेलं असतं. कार्पेट क्ष धरा. क्ष + ०.४ क्ष = २५२, म्हणजे क्ष = १८०. (नवीन प्रकल्पात गाळा विकत घेताना २०१६ च्या रेरा कायद्यामुळे कार्पेट सांगावंच लागतं. भाड्याच्या बोलण्यात बिल्टअप अजून चालतंच.)

आता हे १८० म्हणजे समजा १० बाय १८. दोन बाय दोनचं टेबल ४ स्क्वेअर फुटांचं, मग १८० भागिले ४, पंचेचाळीस टेबलं? अहो, गिऱ्हाईक खुर्ची ओढून बसतं! टेबलाचे २ फूट, समोरासमोरच्या खुर्च्यांना दीड-दीड, म्हणजे एका टेबलाला लांबीत ५ फूट. किचन आणि काउंटरला ८ फूट सोडले तर ८ + ५क्ष = १८, क्ष = २. दोन्ही भिंतींना मिळून चार टेबलं, आठ खुर्च्या. बस्स. म्हणून क्षेत्रफळ भागू नका, लांबी भागा. तिसरं टेबल घुसवलंत तर किचनला ३ फूट उरतात. वडे तळणाऱ्याने उभं कुठे राहायचं?

रुंदीत मात्र खरी गंमत आहे. २ + २ + गल्ली = १०, गल्ली ६ फुटांची. एवढी कशाला? एका बाजूला ४ फूट रुंद, चार जणांची टेबलं लावा. गल्ली ४ फूट उरते, खुर्च्या होतात बारा. दोन्हीकडे तशीच लावली तर सोळा होतील, पण २ फुटांच्या गल्लीत चहाचा ट्रे आणि उठणारं गिऱ्हाईक एकमेकांवर आदळणार. मी बारावरच थांबेन.

भाडं समजा २४,००० आहे. आठ खुर्च्या असतील तर एका खुर्चीवर रोज १०० रुपये भाडं, बारा असतील तर साधारण ६७. वडापाव-चहाच्या धंद्यात हे तेहतीस रुपये फार मोठे आहेत.

टोकन देण्याआधी मेजरटेप आणि खडू घेऊन जा, टेबलं जमिनीवर आखा. खांब, शटर आणि मोरी कुठे येते तेही आखा. मालक बघत राहील, बघू दे.