वॅटचा आकडा आणि आपले कान

घरी गाणी ऐकण्यासाठी विवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, घ्यायचा ठरला की दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, "किती वॅटचा?" माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. ५० ऐवजी १०० वॅट शक्ती दिली, तरी ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबेलनी वाढते. आवाज दुप्पट मोठा वाटावा, यासाठी शक्ती सुमारे १० पट करावी लागते!

मग विकृतीची टक्केवारी पाहावी का? तीही पुरेशी नाही. विवर्धक मूळ स्वरात त्याच्या पटीतील कंप्रता थोड्याफार मिसळतो. मूळ स्वर षड्ज मानला, तर दुप्पट कंप्रता म्हणजे तार षड्ज आणि तिप्पट म्हणजे तार पंचम. हे स्वर मुळाशी जुळतात, म्हणून कानाला फारसे खटकत नाहीत. सातपट कंप्रता मात्र सप्तकातील कोणत्याच स्वराशी नीट जुळत नाही. टक्केवारी तीच असली तरी एक विकृती खपून जाते, दुसरी कर्कश वाटते.

आता रचना पाहा. अनेक विवर्धकांत एक ट्रान्झिस्टर तरंगाचा वरचा अर्धा भाग सांभाळतो, तर दुसरा खालचा. सिलिकॉन ट्रान्झिस्टर सुरू होण्यास सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. दोघांनाही आधीच थोडा विद्युत्‌प्रवाह देऊन जागे ठेवले नाही, तर शून्यापाशी तरंग तुटतो. हा दोष मोठ्या आवाजात झाकला जातो. रात्री हळू आवाजात सतार ऐकताना तो जाणवतो. पूर्ण शक्तीला मोजलेल्या आकड्यात तो दिसेलच असे नाही. अमेरिकन अभियंता हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ साली सुचलेल्या ऋण प्रत्याभरणाने, म्हणजे बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून पुन्हा आत दिल्याने, विकृती पुष्कळ घटते. परंतु मुळातली रचना चांगली असणे केव्हाही इष्ट.

तेव्हा कानांवर विश्वास ठेवावा, पण त्यांचीही परीक्षा घ्यावी. किंचित मोठा आवाज आपल्याला उगाचच 'चांगला' वाटतो. किंमत कळली की मन झुकते. म्हणून दोन विवर्धक एकाच लाऊडस्पीकरवर, अगदी सारख्या पातळीवर, कोणता चालू आहे हे न सांगता ऐकवण्यास सांगा. पुन्हा पुन्हा ऐकूनही फरक ओळखता आला नाही, तर जादा पैसे कशासाठी मोजायचे? प्रयोगशाळेत जी शिस्त आपण पाळतो, तीच दुकानातही पाळायला हवी, नाही का?