कुंपणाला करवंदी लावा, बिट्टी नको

पहिला पाऊस पडला की शाळा, ग्रामपंचायती आणि आरोग्य केंद्रांच्या आवारात झाडे लावण्याची धांदल सुरू होते. कुंपणाच्या कडेने काय लावायचे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. भराभर वाढते, पाणी मागत नाही आणि शेळी तोंड लावत नाही म्हणून अनेक ठिकाणी पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी लावली जाते. शेळी तिला तोंड का लावत नाही, हे विचारायला हवे.

मध्य अमेरिकेकडून आलेल्या या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि बियांत विष सर्वाधिक असते. ते थेट हृदयावर काम करते. आधी मळमळ, उलट्या, जुलाब होतात, मग नाडी मंद आणि अनियमित होते. प्रसंगी हृदय बंद पडते. लहान मुले या बियांशी खेळतात आणि खेळता खेळता चावतात. अशा वेळी मीठ-पाणी पाजणे किंवा उलटी करायला लावणे यात वेळ घालवू नये. उरलेले फळ सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. मूल वरवर ठीक दिसले तरी त्याच्या हृदयाच्या ठोक्यांवर काही काळ लक्ष ठेवावे लागते.

याच कुळातली आपली करवंदी मात्र खाऊ घालणारी आहे. ती सह्याद्रीच्या कातळावर, मुरमाड जमिनीत, उन्हाळ्यातही हिरवीगार राहते. काटेरी असल्याने तिची जाळी गुरांना अडवते. एप्रिल-मेमध्ये कसारा, कर्जत परिसरात आदिवासी बायका पानांच्या द्रोणांत ‘डोंगरची काळी मैना’ विकायला बसतात. फळ फोडून आत ‘कोंबडा की कोंबडी’ पाहण्याचा खेळ कित्येक पिढ्या खेळल्या आहेत.

करवंदाने रक्त वाढते, असे सर्रास सांगितले जाते. त्यात अतिशयोक्ती आहे. लोहाचे जे मोठे आकडे दिले जातात, ते वाळवलेल्या फळाचे असतात. ताज्या फळात पाणीच जास्त असते, शिवाय वनस्पतीतील लोह शरीरात कमी शोषले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांच्या लोहाच्या गोळ्यांची जागा करवंद घेऊ शकत नाही. पण आंबट करवंदातील क जीवनसत्त्व आणि आम्ले जेवणातील लोह शोषायला मदत करतात. म्हणून बाजरीची भाकरी, उसळ आणि कच्च्या करवंदांची ताजी चटणी हे जेवण चांगले. त्यावर लगेच चहा घेतला तर तो फायदा बराचसा जातो.

लावायचे कसे? पिकलेल्या फळांचे बी धुऊन लगेच पिशवीत पेरावे. जुने बी उगवत नाही. पुढच्या पावसाळ्यात दोन-तीन फुटांवर एकेक रोप लावावे. पहिली एक-दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी आणि गुरांपासून राखण लागते, नंतर फारसे काही लागत नाही. फुले फांद्यांच्या टोकांना येतात. त्यामुळे छाटणी फळे उतरवल्यावरच करावी. बारमाही कातरत राहिल्यास कुंपण देखणे दिसेल, पण करवंद मिळणार नाही.

काट्यांचा आक्षेप खरा आहे. त्यामुळे करवंदी आवाराच्या बाहेरच्या हद्दीवर लावावी, खेळाच्या मैदानालगत किंवा पायवाटेवर नाही. काटा रुतला तर जखम साबणाने धुऊन धनुर्वाताची लस घेतलेली आहे ना, हे पाहावे. एक गोष्ट मुलांना स्पष्ट शिकवावी लागेल. करवंदीला आणि बिट्टीला दोघींनाही पांढरा चीक येतो आणि बिट्टीचे फळही पिकल्यावर काळपट होते. तेव्हा ओळख पटवून दिल्याशिवाय कुठलेही फळ तोंडात घालायचे नाही.

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांनी करवंदीची रोपे मुबलक तयार करावीत. शाळा आणि अंगणवाड्यांच्या आवारातील बिट्टी पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुळासकट काढून त्याच ओळीत ती लावता येतील. खर्च थोडा आहे आणि त्यात एखाद्या मुलाचा जीव वाचण्याची शक्यता आहे.