सगळे धर्म सारखे, तर मलंगगड कुणाचा?

आठवीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, आमच्या शेजारच्या काकू इतक्या चांगल्या आहेत. त्या जन्नतमध्ये जाणार नाहीत का?" बाळकुममध्ये हा प्रश्न किताबी नाही. इथे एकाच मजल्यावर शीरखुर्मा आणि फराळ या दारातून त्या दारात जातात.

"सगळे धर्म सारखेच, सगळ्यांनाच निजात" हे उत्तर सोपं आहे. त्यात माणुसकी आहे, अहंकार उतरतो. मौलाना आझादांनी 'तर्जुमानुल कुरआन'मध्ये दीन एक आणि शरीअत वेगवेगळी, अशी मांडणी केली. सूरह बकराची ६२वी आयत या चर्चेत नेहमी येते. पण आले-इम्रानची ८५वी आयतही त्याच कुरआनात आहे, म्हणून अनेक उलेमांनी आझादांवर आक्षेप घेतले. तो आक्षेप मला निव्वळ कट्टरपणा वाटत नाही. सगळं सारखंच असेल, तर नमाज आणि पूजा यांतला फरक मानणारे दोघेही चुकलेच म्हणायचे! शिवाय काकूंना आपली जन्नत हवी आहे का, हे त्यांना कुणी विचारलंय?

आता आपल्याच जिल्ह्यातला मलंगगड बघा. हाजी मलंग बाबांच्या दर्ग्याचे वंशपरंपरागत विश्वस्त केतकर हे ब्राह्मण कुटुंब. बाबांना मानणारे दोन्हीकडचे. काही हिंदू संघटनांच्या मते ती मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. आनंद दिघेंनी १९८०च्या दशकात आंदोलन उभारलं आणि जानेवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री असताना एकनाथ शिंदेंनी गडाच्या 'मुक्ती'ची भाषा केली. अशा वेळी "सगळे एकच" हे वाक्य कामाला येत नाही. उलट, "एकच आहे ना, मग आमचं नाव लावा" असं म्हणायला वाट मिळते. गडाच्या कारभाराचा वाद सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा कोर्टाने हे मिश्र स्वरूपाचं स्थान असल्याचं नमूद केलं. त्याचा कारभार फक्त हिंदू किंवा फक्त मुस्लिम कायद्याने नाही, तर तिथल्या रूढीने किंवा ट्रस्टच्या सर्वसाधारण कायद्याने चालेल, असंही म्हटलं. गडावर कोण निजात पावणार, हे ठरवायची कोर्टाला गरज पडली नाही.

आपण मात्र हे दोन प्रश्न एकत्र कालवतो. मरणानंतरचा फैसला अल्लाहचा. इमाम गझालींनीसुद्धा ज्यांच्यापर्यंत इस्लामचा पैगाम खऱ्या रूपात पोहोचलाच नाही, त्यांना माफीस पात्र मानलं होतं. आणि आपलं वागणं बघून आज किती जणांपर्यंत तो खऱ्या रूपात पोहोचत असेल, देव जाणे.

त्या मुलीला मी सांगितलं, "बेटा, काकूंचा हिशोब माझ्याकडे नाही. पण शेजाऱ्याच्या हक्काबद्दल तुला आणि मला विचारलं जाणार, हे पक्कं." तिचा लगेच पुढचा प्रश्न, "मग काकूंच्या हळदीकुंकवाला जाऊ का?" तेवढ्यात तासाची घंटा झाली.