निर्धाराला मुदत हवी

पदवीचा निकाल लागला की मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून हजारो मुलंमुली पुण्याची वाट धरतात. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, महिन्याची मेस, अभ्यासिकेतली एक खुर्ची आणि डोळ्यांपुढे राज्यसेवा. इथे पाय ठेवताच त्यांना एक उपदेश हमखास मिळतो : दुसरा पर्याय मनातही आणू नका, पोस्ट निघेपर्यंत माघार नाही. ऐकायला हा उपदेश मोठा बाणेदार वाटतो. माझ्या मते पदवीधराला देता येईल असा याहून घातक सल्ला नाही.

आधी त्या बाजूचं म्हणणं नीट मांडू, कारण ते हलकं नाही. ज्याच्या घरी भांडवल नाही, ओळखीपाळखी नाहीत, ज्याच्या बी.ए.ला खासगी कंपनीच्या दारात कुणी विचारत नाही, त्याच्यासाठी स्पर्धा परीक्षा हा चिठ्ठीचपाटीशिवाय उघडणारा एक दुर्मीळ दरवाजा आहे. अभ्यासक्रम अवाढव्य आहे. २०२५च्या परीक्षेपासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यामुळे लिखाणाचा सराव वेगळा करावा लागतो. अशा परीक्षेला अर्धं मन देऊन भागणार नाही, हे खरंच. शिवाय ‘हे सगळं मृगजळ आहे, त्यापेक्षा वडापावची गाडी लावा’ असं सुनावणाऱ्यांशीही माझं पटत नाही. ते हा सल्ला स्वतःच्या मुलाला सहसा देत नाहीत. परीक्षा द्यावीच. माझा वाद परीक्षेशी नाही, ‘कितीही वर्षं लागोत’ या तीन शब्दांशी आहे.

पहिला मुद्दा साध्या हिशेबाचा. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेंहून जास्त. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४च्या नागरी सेवा परीक्षेतून अख्ख्या देशातून १,००९ जणांची शिफारस झाली. सगळ्यांनी जिवाचं रान केलं तरी जागा वाढत नाहीत. जिद्दीमुळे नापास कोण होणार हे बदलेल, किती होणार हे बदलणार नाही. ‘मी माघार घेतली नाही म्हणून जिंकलो’ असं सत्कारात सांगणारा खोटं बोलत नसतो. पण माघार न घेता हरलेल्यांना त्या व्यासपीठावर कुणी बोलावत नाही, आणि त्यांची संख्या कितीतरी मोठी असते.

दुसरा मुद्दा वेळेचा. ‘वय आहे अजून’ हे वाक्य पेठांत रोज ऐकू येतं. राज्यात खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत परीक्षा देता येते. उशिरा सावध झालेल्यासाठी ही सवलत मोलाची आहे. तिचा अर्थ मात्र ‘तोवर थांबा’ असा लावला जातो. दारावरची शेवटची घंटा म्हणजे यायची वेळ नव्हे.

त्यात परीक्षेचं वेळापत्रक उमेदवाराच्या हातात नाही. राज्यसेवेची २०२४ची पूर्वपरीक्षा एप्रिलमध्ये व्हायची होती. ती जुलैवर गेली, मग २५ ऑगस्टवर. त्याच दिवशी बँक भरतीची आयबीपीएस परीक्षा आल्याने पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि अखेर ती १ डिसेंबरला झाली. विद्यार्थ्यांची मागणी रास्तच होती. तरी एका ‘अटेम्प्ट’च्या पोटात त्यांचे सात महिने गेले. म्हणून ‘अजून दोन अटेम्प्ट देतो’ हा निर्णयच नव्हे. ते आपल्या आयुष्याचं कॅलेंडर दुसऱ्याच्या हाती देणं आहे. प्रयत्न मोजू नका, तारीख मोजा.

तिसरा युक्तिवाद दिलाशाचा : पोस्ट नाही निघाली तरी अभ्यास वाया जात नाही. दोन वर्षांपुरतं हे खरं आहे. राज्यघटना, अर्थव्यवस्था, इतिहास वाचलेला तरुण कुठेही उजवाच ठरतो. सातव्या वर्षी मात्र तो तेच पुस्तक पुन्हा अधोरेखित करत असतो, आणि मुलाखतीत समोरचा विचारतो, ‘मधली वर्षं काय करत होतात?’

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३च्या अहवालात पंचविशीच्या आतल्या पदवीधरांमधली बेरोजगारी ४२ टक्क्यांवर होती, तर पस्तिशीपुढच्या पदवीधरांत ती ५ टक्क्यांच्या खाली. यावरून कुणी म्हणेल, ‘बघा, शेवटी काम मिळतंच.’ मिळतं, पण कसलं? घर चालवायचं म्हणून तिशीनंतर पत्करलेलं काम आणि तेविसाव्या वर्षी निवडलेलं काम यांत फरक आहे. पहिल्यात निवड उरलेलीच नसते.

मग करायचं काय? पेठेत जाण्याआधीच तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, थांबण्याची तारीख : अमुक वर्षाचा अमुक महिना. दोन, त्या तारखेनंतरचं काम. नुसतं ‘बघू काहीतरी’ नको; बी.एड., बँक, लेखापालाकडची उमेदवारी, घरची शेती, जे असेल त्याचं नाव हवं. तीन, हे दोन्ही घरी सांगितलेलं असावं. ‘गावी कोणत्या तोंडाने जाऊ’ या धास्तीनेच कित्येक जण पेठेत अडकून पडतात. परतीची तारीख आईवडिलांनाही ठाऊक असेल तर परतणं हा पराभव न राहता ठरल्याप्रमाणे घडलेली गोष्ट होते.

इथे मुलींच्या बाजूने एक आक्षेप येईल : आम्हाला मुदत असतेच, ‘दोन वर्षं देतो, मग लग्न’. मुलाला मुदतच नाही आणि मुलीला धमकीवजा मुदत, हा आपल्या घरांतला दुटप्पीपणा आहे. मी म्हणतो ती मुदत परीक्षा देणाऱ्याने स्वतः घातलेली, आणि तिच्या पलीकडे लग्न नसून काम आहे. मुलींना ती मिळायला हवी, मुलांनी ती घ्यायला हवी.

राहिला कामाचा प्रश्न. ‘काम करत अभ्यास होत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी निवड यादीतल्यांची चौकशी करावी. खालच्या पदावर रुजू होऊन, नोकरी सांभाळत वरचं पद मिळवलेले त्यात नेहमी सापडतात. १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ ही वाट याच महाराष्ट्रात पाडली. त्यांच्या वसतिगृहांतली मुलं हातांनी काम करत शिकली. आपण त्यांच्या पुतळ्याला हार घालतो आणि आपल्या मुलाला सांगतो, तू फक्त अभ्यास कर.

दुसरा पर्याय ठेवणारा भित्रा नसतो. महिन्याच्या मेसची चिंता मिटलेला आणि शेवट माहीत असलेला उमेदवारच परीक्षागृहात मोकळ्या डोक्याने बसतो. पर्याय जाळून टाकलेला मात्र प्रत्येक प्रश्नासमोर आपलं अख्खं आयुष्य पणाला लावून बसतो. तेव्हा पदवी हाती आलेल्याला ‘काय व्हायचं आहे?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘कधीपर्यंत, आणि नंतर काय?’ हेही विचारा. ज्याच्यापाशी याचं उत्तर आहे, त्याने खुशाल पुण्याची गाडी पकडावी. ज्याच्यापाशी नाही, त्याने खोलीचं डिपॉझिट भरण्याआधी ते शोधावं.