कॅन लावला म्हणून सुटलो का?

आपल्या वरूड तालुक्यात पाण्याचा विषय निघाला की बोलणं बोअरवर जातं. कुणाला किती फुटांवर पाणी लागलं, कुणाचा बोअर आटला, संत्र्याचा बगीचा यंदा जगतो की नाही. साहजिकच आहे. बगीच्यावर आपली घरं चालतात आणि भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत आपलं नाव कित्येक वर्षांपासून आहे. २०१६ साली पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, तेव्हा राज्यातल्या तीनच तालुक्यांत वरूड होतं. दुसरे दोन कोरेगाव आणि अंबाजोगाई. आपल्या बायांनी भर उन्हात टोपली उचलली, चर खोदले. पण मैत्रिणींनो, पाणी किती आहे याची जेवढी काळजी आपण केली, तेवढी ते कसं आहे याची केली का?

आता घरोघरी गार पाण्याचा कॅन येतो. लग्नात, बारशात, तेरवीत तर येतोच, पण रोजच्या प्यायलाही येतो. ज्यांना परवडतं त्यांनी घ्यावा, माझी हरकत नाही. मात्र त्या उघड्या कॅनवर पाणी कुठलं, कधी भरलं, तपासलं का, यातलं बहुधा काहीच लिहिलेलं नसतं. पाणी गार आहे म्हणजे शुद्ध आहे, असं आपणच ठरवून टाकतो. आणि माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ज्या घरात कॅन आला, त्या घराने नळाच्या पाण्याबद्दल विचारणं सोडलं. ग्रामपंचायतीत जाऊन चार शब्द बोलू शकणाऱ्या बाया याच घरांतल्या असतात. मग नळाच्या पाण्यावर राहतं कोण? मजुरीला जाणारी बाई, अंगणवाडीतलं लेकरू, घरी एकटी राहणारी म्हातारी. त्यांच्या वतीने बोलायला कुणी उरत नाही.

एका गावात बचत गटाच्या बैठकीनंतर एक बाई मला म्हणाली, "ताई, नळ आला का नाई थे सारेच पायतात. पानी कसं आलं थे कोनीच पायत नाई." याहून नेमकं मी काय सांगणार?

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलऱ्याची साथ आली. बिल थकल्यामुळे पाणीपुरवठ्याची वीज तोडलेली होती, अशा बातम्या तेव्हा आल्या. लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी प्यायलं. अनेक जण आजारी पडले, काहींचा जीव गेला. पाणी होतं, विहीर होती, नळयोजनाही होती. सगळं असून माणसं गेली, हे मनाला फार लागतं. वीज तोडताना गाव आता कुठलं पाणी पिणार, हा प्रश्न कुणाच्या तरी टेबलावर यायला हवा होता.

पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, हे आपल्याला माहीत आहे. पण कशी टाकतात? पुष्कळदा पोत्यातून ओंजळभर काढली आणि भिरकावली. खरी रीत अशी की बादलीत पावडर कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत किंवा टाकीत सोडायचं आणि मग निदान अर्धा-एक तास ते पाणी वापरायचं नाही. पावडर चांगली असेल तर तिच्यात तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. तेच पोतं तोंड उघडं ठेवून ओलीत, उन्हात पडलं की क्लोरीन उडून जातं आणि हाती उरतो निव्वळ चुना. आपण पांढरं पाणी पाहून समाधान मानतो! क्लोरीन आहे की नाही हे पाहायची ओटी चाचणी मिनिटभराची आहे. शेवटच्या घरच्या नळाचं पाणी नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन पोचलं, नाही झालं तर नाही. शेवटच्या घरचं पाणी म्हणते आहे मी, टाकीखालच्या घरचं नव्हे.

क्लोरीनने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. बगीच्याला टाकलेला युरिया, उकिरडे, संडासाचे खड्डे, सगळ्यांचं झिरपून खाली जातं आणि तेच आपण वर उपसतो. लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असलेलं पाणी पिण्यालायक धरत नाहीत. पाणी उकळलं तरी ते कमी होत नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाचं वरचं दूध अशा पाण्यात कालवलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळसर पडू शकतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. तपासल्याशिवाय कळायला मार्गच नाही.

आणि ते तपासायची सोय गावात आहे. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झालं. त्यात गावागावांत पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं आणि त्यांच्या हाती तपासणीची पेटी द्यायची, असं ठरलं. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, माहीत आहे? पेटी कुठे आहे? मी विचारते तेव्हा पुष्कळदा ती ग्रामपंचायतीच्या कपाटात निघते, किल्ली सचिवांकडे आणि सचिव मिटिंगला गेलेले.

थोडं आपल्याही घरात पाहू. नळाला थेट मोटर लावायची सवय फार वाढली आहे. मोटरने पाणी ओढलं की फुटक्या पाइपाच्या भेगेतून नालीचं पाणीही आत ओढलं जातं, आणि ते एकट्या मोटरवालीच्या घरी जात नाही. पाणीपट्टी थकवणाऱ्यांतही मोठ्या माडीची घरं कमी नसतात.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे. या सभेला कॅन घेणाऱ्या घरांतल्या बायांनी मुद्दाम जावं. सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे, ते विचारावं. मागचा पाण्याचा नमुना कोणत्या तारखेला गेला, अहवाल काय आला आणि ब्लीचिंगचं पोतं कुठे ठेवलं आहे, तेही विचारावं. तोंडी उत्तर मिळालं तर कागद दाखवा म्हणावं.