नाण्याला आडनाव नसते



गेल्या रविवारी रात्री लंडनहून आमच्या भाच्याचा फोन आला. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर तो तिकडे शिकतो आहे. "काय करतोस रे?" असे विचारले, तर म्हणाला, "मामा, धुणं धुतोय." आमच्या घरी सगळ्यांना हसू आवरेना. ज्या पोराने आईच्या राज्यात स्वतःचा हातरुमाल कधी पिळला नाही, तो साता समुद्रापलीकडे जाऊन धुणे धुतो!

मग त्याने सगळे समजावून सांगितले. त्याच्या भाड्याच्या खोलीत मशीन नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक दुकान आहे, त्यात भिंतीला लागून ओळीने धुण्याची यंत्रे. आपले कपडे, आपली पावडर न्यायची, फटीत नाणी टाकायची आणि बाकावर बसायचे. धुऊन झाले की सुकवायच्या यंत्रात पुन्हा नाणी टाकायची. आम्ही म्हटले, "कंटाळा येत असेल." तर म्हणाला, "उलट बरं वाटतं. आठवड्यातला तेवढाच तास कुणी काही मागत नाही. शेजारी एक म्हातारी विणत बसते, एक बसड्रायव्हर डुलक्या काढतो, एक नर्सबाई पुस्तक वाचते. सगळ्यांची मळकी कापडं शेजारी शेजारी फिरत असतात. आणि मामा, आडनाव कुणी विचारत नाही बघा."

हे शेवटचे वाक्य काही आमच्या डोक्यातून जाईना.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत साताऱ्याची हकीकत लिहून ठेवली आहे. घरचे कपडे त्यांच्या बहिणी धूत असत. साताऱ्यात परीट नव्हते असे नाही, द्यायला पैसे नव्हते असेही नाही. पण अस्पृश्याचे कपडे कोणी परीट धुवायला घेत नसे. केसही मोठी बहीण कापायची, कारण न्हावी हात लावत नव्हता. सुभेदाराच्या घरची ही कथा, मग आमच्या-तुमच्या आज्यांचे काय सांगावे? आमची आजी सांगायची, तिच्या माहेरी आपल्या बायकांनी नदीच्या खालच्या अंगाला धुवायचे, वरच्या अंगाला पाऊल टाकायचे नाही.

यात परीट बांधवांना दोष देऊन भागणार नाही. तेही गावाचे बलुतेदार, गावाने दिलेल्या धान्यावर जगणारे. आपले कपडे घेतले असते तर गावाने त्यांचे बलुते बंद केले असते. त्याच समाजात जन्मलेल्या गाडगेबाबांनी पुढे हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली, हे विसरू नये.

आम्ही कारकून माणूस, कायद्याचे पुस्तक चाळायची सवय. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात, ज्याला १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, 'दुकान' या शब्दाची व्याख्या दिली आहे. तिच्यात लाँड्री आणि केस कापण्याचे सलून यांचा मुद्दाम उल्लेख आहे. आमच्या आया-बहिणींनी पिढ्यान्‌पिढ्या जे सोसले, ते त्या एका शब्दामागे उभे आहे.

मात्र यंत्र आले म्हणजे समता आली, असे कोणी समजू नये. अशा धुलाई दुकानांचा आरंभ १९३४ साली अमेरिकेतील फोर्ट वर्थ या शहरी झाला असे सांगतात. तेथे यंत्रे तासाच्या भाड्याने मिळत. लंडनमध्ये असे पहिले दुकान १९४९ च्या मे महिन्यात निघाले. पण अमेरिकेच्या दक्षिण भागात अशा दुकानांवर 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या असत. यंत्राला रंग कळत नव्हता, दारावरच्या पाटीला कळत होता. त्या पाट्या यंत्राने उतरवल्या नाहीत. त्या उतरल्या माणसांच्या चळवळीने. आपल्याकडे महाडला १९२७ साली पाणी पेटले, तेव्हाच कायद्याची वाट मोकळी झाली.

त्याच वर्षी डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहायला सांगितले. आपल्या बायकांनी ते शब्दशः पाळले. लुगडे ठिगळाचे असेल, पण मळके नाही. त्या स्वच्छतेची किंमत मात्र त्यांच्याच कमरेने मोजली. वाचकहो, धुणे धुताना बाई वाकलेली आपण रोज पाहतो. बाकावर निवांत बसलेली कधी पाहिली आहे का? भाच्याच्या त्या दुकानाचे खरे कौतुक आम्हाला इथे वाटते. कपडे धुतले जात असताना माणूस बसू शकतो.

आपल्या नेसरीकडचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. आषाढात पोरांचे गणवेश चुलीवर धरून वाळवावे लागतात, ओलाच शर्ट घालून पोर शाळेत जाते. म्हणून एक हिशोब मांडतो. ३० घरांनी महिन्याला ५० रुपये काढले, तर महिन्याचे १,५०० आणि वर्षाचे १८,००० होतात. एवढ्यात धुऊन पिळून देणारे साधे मशीन येते. विहाराशेजारी एखादी खोली, पाणी, वीज आणि एक बाक, एवढेच लागेल. वीज-पाण्याचा खर्च ज्याने त्याने वापराप्रमाणे डब्यात टाकावा, हिशोब बचत गटाच्या भगिनींनी ठेवावा. त्या तासात पोरांनी बाकावर बसून अभ्यास करावा.

फक्त एक अट. धुणे घेऊन येण्याची पाळी पुरुषांचीही असावी. ते पुन्हा बायकांच्याच डोक्यावर राहिले, तर मशीन आणून आपण काय बदलले?

आम्ही स्वतःपासून सुरुवात केली आहे. या रविवारी आमच्या घरचे धुणे आम्ही धुतले. दोन शर्टांच्या कॉलरी तशाच मळक्या राहिल्या, घरचे हसले. हसू द्या. पुढच्या रविवारी निघतील.

जयभीम!